विहिरीतला फ्रीस्टाइल

मला पोहता येतं, हे आमच्या लग्नाच्या बैठकीत माझ्या मामांनी मुलीकडच्यांना सांगितलं होतं. मुलगा आयटीआय, नोकरी कायम, निर्व्यसनी आणि पट्टीचा पोहणारा. पिंपरीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आणि नळाला पाणी आलं की बादल्या घेऊन धावणाऱ्या माणसाला पोहण्याचा उपयोग काय, हे कोणी विचारलं नाही. पुढे कितीतरी वर्षं मी त्या एका गुणावर भाव खाल्ला. सहलीला गेल्यावर धरण दिसलं की मी म्हणायचो, "हे एवढंच? एका दमात पलीकडे जाईन." बायको म्हणायची, "जा, पण आधी डबा खाऊन घ्या." खाल्ल्यावर पोहू नये म्हणतात, त्यामुळे जायची वेळ कधी आली नाही.

शिकलो होतो मात्र खरंच. मराठवाड्यात, आमच्या शेतातल्या विहिरीत. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा, कमरेला दोर, दोराचं टोक वडिलांच्या हातात आणि वडील पायरीवर. एका उन्हाळ्यात डबा सुटला, पुढच्या उन्हाळ्यात दोर सुटला. वडील पायरीवर बसायचे ते बसायचेच, कारण त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता.

पुढे आम्ही पुनावळ्यात फ्लॅट घेतला, मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि बायकोने जवळच्या पोहण्याच्या तलावावर सकाळची महिलांची बॅच लावली. तोवर तिने बादलीपेक्षा खोल पाणी जवळून पाहिलेलं नव्हतं. महिलांच्या बॅचला पुरुषांना आत सोडत नाहीत, आणि त्या वेळी मी कंपनीच्या बसमध्ये चाकणच्या ट्रॅफिकला शिव्या देत असतो. त्यामुळे आत काय चालतं ते मला माहीत नव्हतं. माझा अंदाज होता की सगळ्याजणी कठडा धरून पाय हलवत असतील आणि भाज्यांचे भाव बोलत असतील. सुट्टीच्या दिवशी मी घरी असलो की ती यायची ती ओले केस आणि दणदणीत भूक घेऊन. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

मग तलावाच्या वार्षिक स्पर्धा आल्या. पंचेचाळिशीच्या पुढच्या महिलांच्या फ्रीस्टाइलमध्ये तिने नाव दिलं. एकटीनेच दिलं. बाकीच्या कोणी तयार होईनात, म्हणून ती शर्यतच रद्द झाली. त्या दिवशी मला सुट्टी होती. बायको घरी आली, पिशवी ठेवली आणि पोहे अर्धे टाकून उठली. माझ्या माहितीत तिने पोहे टाकलेले नाहीत.

संध्याकाळी ती म्हणाली, "जोडीची शर्यत आहे. पहिले पंचवीस मीटर नवऱ्याने जायचं, त्याने भिंतीला हात लावला की बायकोने परत यायचं."

"बरं मग?"

"नवरा दुसऱ्याच्या लेनमध्ये घुसला तर जोडी बाद. बायकोला उतरूच देत नाहीत." आणि पुढे म्हणाली, "तुम्हाला पोहता येतं ना?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. मी म्हणालो, "तू नाव दे बिनधास्त."

मी पुरुषांची संध्याकाळची बॅच लावली. पहिल्याच दिवशी मी विहिरीत घ्यायचो तशी मुटका मारून उडी घेतली, अर्धं डोकं बाहेर ठेवून दणादण हात मारले आणि पाणी अंगावर उडालेल्या चार माणसांचा शत्रू झालो. तलावावरचे सर माझ्या निम्म्या वयाचे. ते काठावरून म्हणाले, "काका, डोकं पाण्यात. श्वास पाण्यातच सोडायचा, बाहेर येऊन फक्त घ्यायचा." मी जन्मभर आत श्वास कोंडून धरत आलो होतो आणि तोंड बाहेर आलं की त्याच क्षणात सोडणं-घेणं दोन्ही उरकत होतो. म्हणून दम लागतो, हे मला आता या वयात कळलं. पाय मी गुडघ्यातून मारत होतो. सर म्हणाले, "तुम्ही सायकल चालवताय. पाय कमरेपासून हलवा, छोटे छोटे." मग फळी धरून नुसते पाय, एक हात पुढे ठेवून नुसता दुसरा हात, असं सगळं झालं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं तर तसंही नव्हतं. हळूहळू जमू लागलं.

जमत नव्हतं ते एकच. मी सरळ जात नव्हतो.

निघायचो माझ्या लेनमधून आणि अर्ध्या वाटेत डावीकडच्या लेनमध्ये असायचो. मधली दोरी ढिली होती, ती मला अडवत नसे. एकदा डोकं वर काढलं तर शेजारी उताणे तरंगणारे एक गृहस्थ डोळे उघडून म्हणाले, "तुमची लेन पलीकडं आहे." मी टूलरूमचा माणूस. धातूचा तुकडा केसाच्या जाडीइतका वाकडा असला तरी मला चालत नाही, आणि इथे मी स्वतःच वाकडा जात होतो. हे कसं शक्य आहे? मी सरांना सांगितलं की तळाशी आखलेली लेनची काळी पट्टी वाकडी आहे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मी तर अंगण मोजायला टेप घेऊन जाणार होतो. बायकोने टेप पिशवीतून काढून घेतला.

आमच्या कंपनीत काहीही बिघडलं की पाच वेळा 'का?' विचारायची शिस्त आहे. पाचव्या 'का'ला खरं दुखणं सापडतं, असं ट्रेनिंगमध्ये सांगतात. चहाच्या सुट्टीत मी माझं दुखणं मशीनवरच्या मित्रापुढे मांडलं. हा मूळचा महाळुंग्याचाच, कंपन्या त्याच्या गावात आल्या, तो कुठे गेला नाही. त्याने लगेच चौकशी सुरू केली.

"डावीकडं का जाता?"

"उजवा हात जास्त ओढतो."

"का?"

"श्वास नेहमी उजवीकडे वळून घेतो."

"का?"

"डावीकडे वळलो की नाकात पाणी जातं."

"का?"

"तिकडे वळायची सवयच नाही."

"का न्हाई?"

मी बसल्या जागी मान डावीकडे वळवून पाहिली. त्याने कप खाली ठेवला. "शिकला कुठं?"

"विहिरीत."

"गोल का चौकोनी?"

"गोल."

"मग व्हय की राव. हिरीत पवलेला माणूस सरळ जाईल कसा? भिताडाला धडकंल न्हाई का?"

उरलेली शिफ्ट मी त्या विहिरीतच काढली. खरं होतं. भिंत नेहमी माझ्या उजव्या हाताला असायची आणि मी डावीकडे वळत वळत फेऱ्या मारायचो. दर श्वासाला मान उजवीकडे, भिंतीकडे, कारण पायऱ्या तिकडे होत्या. वडील आहेत का उठून गेले, एवढं बघायचं आणि पुन्हा तोंड पाण्यात. वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. मान अजून वळत होती.

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. थोडी सहानुभूती मिळेल अशी आशा होती. ती म्हणाली, "म्हणजे काठावर कोणी असलं की तुमची मान वळते. मग डावीकडे कोणीतरी पाहिजे."

रविवारी कुटुंबांची बॅच असते. ती माझ्याबरोबर आली, पण पाण्यात उतरली नाही. सलवार दुमडून डाव्या काठाने माझ्याबरोबर चालू लागली. "तूही उतर की," मी म्हणालो. "मी माझ्या बॅचला पोहते," ती म्हणाली. "इथे तुमच्यासाठी आलेय." सरांनी सांगितलं होतं की दर तिसऱ्या हाताला श्वास, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. पहिल्या फेरीला ती नुसतं "श्वास, श्वास" म्हणत होती. मी वळलो नाही, उलट कोपर फरशीवर सोलून घेतलं. दुसऱ्या फेरीला तिने विषय बदलला.

"तुमच्या मामांनी बैठकीत धडधडीत खोटं सांगितलं."

माझी मान आपोआप डावीकडे वळली, खांदा वळला, तोंड बाहेर आलं आणि हवा मिळाली. "मामांचं नाव काढायचं नाही," असं मी म्हणेपर्यंत तोंड पाण्यात गेलंही होतं. वाक्याचा शेवट बुडबुड्यांत झाला. पाण्यात श्वास सोडायचा तो असा, हे मला तेव्हा नीट समजलं.

मग दर रविवारी नवा विषय. गीझर. माझ्या बहिणीने न परत केलेला कुकर. तिच्या भावाच्या लग्नात मी काढलेली झोप. संसारात जे जे मिटायचं राहिलं होतं ते सगळं त्या काठावर निघालं, आणि मी डावीकडे वळून वळून उत्तरं देत गेलो. सर म्हणाले, "काका, झकास. आता अगदी सरळ जाताय." भांडणाने माणूस सरळ होतो, हे मी तोपर्यंत फक्त ऐकलं होतं.

स्पर्धेच्या दिवशी मात्र ती काठाने चालणार नव्हती. ती समोरच्या टोकाला उभी होती, टोपी, गॉगल आणि तोंड गप्प. चार जोड्या, आम्ही मधल्या एका लेनमध्ये. आपण हरू याची भीती नव्हती, ते ठरलेलंच होतं. मी वाकडा गेलो तर ती त्या टोकाला तशीच टोपी घालून उभी राहणार, कपडे बदलणार आणि घरी येऊन पोहे अर्धे टाकणार, हे मला दिसत होतं.

शिट्टी झाली. उजवीकडे श्वास. मग तीन हात, डावीकडे श्वास, तर तिथे कोणी नाही. नुसता शेजाऱ्याचा फेस. कोणी मामांवर बोललं नाही, गीझरवर बोललं नाही. तरी पुढच्या वेळी मी पुन्हा वळून पाहिलं. ती तिकडे नाही हे मला माहीत होतं आणि मान ऐकत नव्हती. असं शोधत शोधत मी गेलो, काळी पट्टी नाकाखाली आणि पट्टी अगदी सरळ होती. माझा हात भिंतीला लागला तेव्हा बाकीचे तिघे नवरे दम खाऊन ताजेतवाने झाले होते.

वर पाहिलं तर ती नव्हती. माझ्या डोक्यावरून केव्हाच गेली होती. मी मागे वळलो.

मी तिला पोहताना कधी पाहिलं नव्हतं. कोपर उंच यायचं, हात आवाज न करता पाण्यात शिरायचा, अंग एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर. डोकं वर येत नव्हतं. फेस नव्हता. सरांनी मला जे जे सांगितलं होतं आणि मला जेमतेम अर्धं जमलं होतं, ते ती कधी बोलून न दाखवता करत होती. मला रडू आलं, हे सांगायला लाज कसली.

मी पाण्यातून बाहेर आलो आणि काठाने तिच्या बरोबरीने धावू लागलो. ती दोन्हीकडे वळून श्वास घेत होती, म्हणजे कुठल्याही काठावर असतो तरी दिसलो असतो. सरांची शिट्टी वाजली. "काका, पळू नका, घसराल." मी भरभर चालू लागलो. तिने एका बाईला मागे टाकलं, मग दुसरीला. आमची जोडी दुसरी आली.

मी पोचलो तेव्हा ती शिडी धरून गॉगल काढत होती. मला तिच्यापेक्षा जास्त धाप लागली होती.

"दिसलो का?" मी म्हणालो. "सगळा वेळ काठाने बरोबर येत होतो."

"नाही," ती म्हणाली. "पाण्यात असले की मी काठाकडे बघत नाही."

मग तिने टॉवेल मागितला. तो तलावाच्या त्या टोकाला राहिला होता. मी आणायला निघालो, या वेळी चालत.