दप्तरदाखल दात

राज्य पुनर्रचनेचा घाव कुणाच्या मनावर बसला, कुणाच्या संसारावर. काशिनाथ वैरागड्यांच्या तो थेट दातावर बसला. छप्पन सालच्या नोव्हेंबरात नागपूरच्या सचिवालयातली दप्तरं भोपाळला आली आणि त्यांच्याबरोबर कारकून काशिनाथही. ट्रकमधून उतरवताना एका पेटीचा कोपरा त्यांच्या वरच्या पुढच्या दातावर आदळला. ओठ फुटला, रक्त आलं. पण दात काही हलला नाही, म्हणून काशिनाथांनी रुमालाने तोंड पुसलं आणि पुन्हा पेट्यांची यादी पडताळायला घेतली.

त्या दातावर त्यांचं सगळं सुख टेकलेलं होतं. काशिनाथ क्लॅरिनेट वाजवायचे, आणि फुंकताना वाद्याच्या तोंडावर तोच दात टेकायचा. वडीलही वाजवायचे. पण चाळिशीत त्यांचा पुढचा दात दुखायला लागला, रस्त्यावरच्या एका दात काढणाऱ्याने तो उपटला आणि त्यानंतर त्यांनी वाद्याची पेटी कधी उघडली नाही. तेव्हापासून काशिनाथांच्या लेखी दाताचा डॉक्टर म्हणजे नुसता चिमटा. त्याला दुसरंही काही येत असेल, हे त्यांच्या गावीच नव्हतं.

पुढल्या वर्षी गरम चहाने दात ठणकायला लागला. चहा संपून कप विसळून झाला तरी ठणका रेंगाळायचा. पत्नी मनोरमाबाई म्हणाल्या, "अहो, दाखवून या एकदा." काशिनाथ लवंग धरून बसले. आणि एक दिवस ठणका आपोआप थांबला. ज्या प्रकरणावर तीन महिने स्मरणपत्र येत नाही ते मिटलं असं समजायचं आणि दप्तरदाखल करायचं, ही त्यांच्या टेबलावरची जुनी रीत. त्यांनी दातही दप्तरदाखल केला. मुरलेला कारकून चुकला की असा चुकतो.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात तो दात राखाडी दिसू लागला. मग हिरडीवर मुगाएवढी पुळी आली, फुटली, पुन्हा आली. वाद्य टेकवलं की जीव कळवळायचा. भाद्रपदात तात्या टोपे नगरातल्या मराठी मंडळींचा गणपती बसायचा होता आणि आरतीआधी गेल्या वर्षीसारखंच काशिनाथांचं वादन ठरलेलं. त्यांनी मंडळाला नकार कळवला आणि क्लॅरिनेट ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिलं. मनोरमाबाईंनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टांगा बोलावला, नवऱ्याला आत बसवलं आणि स्वतःही शेजारी बसल्या.

इब्राहीमपुऱ्यात सिद्दीकी नावाचे वयस्क दंतवैद्य होते. त्यांनी दातावर हलकेच ठोकलं तर काशिनाथ कळवळले. मग बर्फाचा खडा लावला, तर काहीच जाणवलं नाही. काशिनाथांना ते शुभलक्षण वाटलं.

"दर्द कब बंद हुआ?" डॉक्टरांनी विचारलं.

"वो तो अपने आप ठीक हो गया था, साब."

"ठीक नहीं हुआ था, ख़ाँ," डॉक्टर म्हणाले; भोपाळात कुणालाही 'ख़ाँ'च म्हणतात. "अंदर की नस मर गई थी. मुर्दा शिकायत नहीं करता. ये फुंसी उसी की सड़न है."

"तो निकाल दो," काशिनाथ कसेबसे म्हणाले. डोळ्यांपुढे वडिलांची बंद पेटी उभी राहिली.

"निकालें क्यों? जड़ पक्की है. अंदर से साफ़ करके भर देंगे. दाँत आपका आपके पास."

डॉक्टर आपली समजूत घालताहेत, असंच काशिनाथांना वाटलं. पण डॉक्टरांनी दाताला मागून बारीक भोक पाडलं, केसासारख्या कानशींनी आतली घाण काढली आणि औषधाचा बोळा ठेवला. अशा चार खेपा झाल्या. पुळी सुकली ती पुन्हा आली नाही. शेवटच्या खेपेला पोकळी भरून दात बंद झाला, तेव्हा मनोरमाबाईंनी पिशवीतून क्लॅरिनेट काढून पुढे धरलं.

"इथंच वाजवून बघा," त्या म्हणाल्या. "घरी गेलात की उद्यावर ढकलाल."

काशिनाथांनी भीतभीत दात टेकवला. जरा दाबला. आणखी दाबला. काही दुखलं नाही. एक सूर लागला, मग दुसरा, आणि मग आरतीची अख्खी चाल. बाहेर गाल धरून बसलेले दोघेतिघे दारात येऊन उभे राहिले. काशिनाथ थांबले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"मला वाटलं, बाबांसारखं माझंही संपलं," ते म्हणाले.

मनोरमाबाईंनी वाद्य पुसून पिशवीत ठेवलं. "बाबांना कुणी टांग्यात घातलं नाही," त्या म्हणाल्या.