सरांची नवी लेन्स

कमलनगरात कुणी कॅमेरा घेतोय म्हटलं की आमच्या गल्लीतल्या सरांना राहवत नाही. समोरच्याचा चहा गार होईस्तोवर ते लेन्स समजावतात आणि उठताना हळूच त्यालाच विचारतात, “मग मी कोणती घेऊ?” घेतलेली लेन्स मात्र धुळीच्या भीतीनं कपाटातच राहते.

परवा मात्र सर नवी लेन्स घेऊन माझ्याबरोबर निघाले, आणि संतपूरजवळ तुरीच्या शेतात काळवीट दिसलं. सर लेन्स बदलेपर्यंत मी मोबाईलवर फोटो काढला, काळवीट निघूनही गेलं.

“मोबाईलवर काय येतंय? बरं, टाक मला,” सर म्हणाले.

संध्याकाळी तोच फोटो सरांच्या नावानं ग्रुपवर आला, खाली नव्या लेन्सचं नाव. वाहवा चालू असतानाच सरांचा मला फोन आला.

“बघितलास का रे? लेन्स चांगली असली की असं येतंय. तू कामून अजून मोबाईलच धरून बसलायस?”