लाल दोऱ्यातला अडतीस

दुपारचे तीन वाजलेत आणि शांतवन पारधेला सुईत दोरा ओवता येत नाहीये.

खुर्ची व्हरांड्यात उन्हाच्या कडेला ओढून त्यानं तीनदा करून बघितलं. चष्मा कपाळावर नेऊन बघितलं, नाकावर आणून बघितलं. काळ्या दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं, तर ते वळून बसलं. सुईचं एक भोक त्याला दोन दिसतं आणि दोरा बरोबर त्या दोहोंच्या मधून जातो. मांडीवर काळा कोट आहे. त्याचं मधलं बटण एका धाग्यावर लोंबतंय.

पाच वाजता त्याच्या बायकोच्या, सुगंधाच्या स्मरणाची प्रार्थना आहे. ती जाऊन आज वर्ष झालं. पाळकसाहेब येतील, चर्चच्या मंडळीतली वीसेक माणसं येतील, मग सगळे मिळून कबरस्थानात जातील. त्याआधी, साडेचारच्या सुमाराला, पुण्याहून शारोन यायची आहे. शारोन त्यांची एकुलती एक मुलगी, आता सेहेचाळीस वर्षांची.

गेल्या वर्षी सुगंधाला पुरताना प्रत्येकानं पेटीवर मूठभर माती टाकली. शारोन मागे कडुलिंबाखाली उभी राहिली ती पुढे आलीच नाही. पोटच्या पोरीनं आईला माती दिली नाही. श्रीरामपुरात त्याची चर्चा झाली असणार, पण शांतवनच्या तोंडावर कुणी बोललं नाही. ती का आली नाही हे त्या गर्दीत त्याला एकट्याला ठाऊक होतं. एक वाक्य बोलला असता तर ती आली असती. तो बोलला नाही.

शेजारच्या रत्नाबाईंना हाक मारली तर दोन मिनिटांत बटण लागेल. पण रत्नाबाई बटण लावता लावता दहा प्रश्न विचारतील. त्यापेक्षा जरा डोळे मिटावेत, मग पुन्हा बघू, असं म्हणून तो मान मागे टेकवतो. ऊन पायांवर येतं. सुई बोटांत तशीच आहे.

"असा थुंकी लावून ओवतात का? दोऱ्याची पार वात करून टाकली."

समोर पत्र्याच्या ट्रंकेवर सुगंधा बसलेली आहे. दवाखान्यातली पांढरी साडी, पदर कमरेला खोचलेला. ती गेलेली आहे हे त्याला माहीत आहे, तिलाही माहीत आहे. दोघंही तो विषय काढत नाहीत.

"चष्म्याचा नंबर वाढलाय," तो म्हणतो.

"नंबर नाही वाढला. काच पुसलेली नाही. द्या इकडे."

तो सुई देतो. तिच्या मांडीवर आधीच कपड्यांचा ढीग आहे. छोटे फ्रॉक, टॉवेल, उशीचे अभ्रे. व्हरांड्याच्या पायऱ्यांखाली श्रीरामपूरचा डांबरी रस्ता असायला हवा. तिथं लाल माती आहे, आंब्याचं झाड आहे आणि झाडापलीकडे हातपंप. म्हणजे हे चिमवेरे. मलावीतल्या या गावात मिशनच्या ठाण्यावर दोघांनी चौदा वर्षं काढली. इकडच्या मंडळ्यांनी वर्गणी काढून त्यांना पाठवलं होतं. तो बोअर मारायचा, पंप दुरुस्त करायचा. ती दवाखाना बघायची. पंपापाशी बायका बादल्या घेऊन उभ्या आहेत. दांडा वरखाली होतोय, नुसता कुईकुई आवाज येतोय.

"वॉशर गेलाय," म्हणत तो उठायला बघतो.

"बसा खाली. चाळीस वर्षं तुमचा वॉशरच जातोय."

तो बसतो. सुगंधा एका फ्रॉकच्या कॉलरवर लाल दोऱ्यानं आकडा काढतेय. ३८. नगरच्या बोर्डिंगचा तसा नियमच होता. मुलीच्या प्रत्येक कपड्यावर तिचा नंबर, तोही लाल दोऱ्यात, म्हणजे धुताना अदलाबदल होत नाही. शारोनचा नंबर अडतीस.

"किती राहिले?" तो विचारतो.

"हे एवढे. आणि मोजे."

ढिगाच्या पलीकडे सहा वर्षांची शारोन झोपली आहे. अंगावर बाजारातलं फुलाफुलांचं जाडं कापड, तिकडच्या बायका कमरेला गुंडाळतात तसलं. तो तिच्या कपाळाला हात लावतो. तवा.

"गोळी दिली?"

"दिली. ओकली. परत साखरेत घोळून दिली." सुगंधाची मान वर होत नाही. "पावसाळ्यापासूनचा हा तिसरा ताप. आपण तिघं परत जाऊ या."

हे वाक्य त्याला पाठ आहे. याला द्यायचं उत्तर त्यानं गेल्या वर्षभरात शंभरदा बदलून बघितलंय. चल, जाऊ या. ट्रंका भर. एवढंच म्हणायचं. तो तोंड उघडतो.

"अकरा गावांचे पंप राहिलेत," तोंडातून तेच निघतं. "तिला तिकडे बोर्डिंगात ठेवू. आपण इथं राहू." आणि त्यापाठोपाठ पवित्र शास्त्रातलं एक वचन, तेव्हा सांगितलं होतं तेच, शब्दाला शब्द.

वचन आलं की सुगंधा वाद घालत नसे. ती आताही घालत नाही. दोरा दातानं तोडते आणि दुसरा फ्रॉक उचलते.

त्याला तिथं बसवत नाही. तो उठून पंपाकडे जातो, दांड्यावर हात ठेवतो, तर हाताखाली गुळगुळीत लाकूड लागतं. बाकाची पाठ आहे. समोर मुलींच्या रांगा, तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या. नगरच्या बोर्डिंगचा हॉल. पुढे मेट्रनबाई उभ्या राहून कागद वाचताहेत.

कागद त्याच्या ओळखीचा आहे. दर तीन महिन्यांनी चिमवेऱ्याहून प्रार्थनापत्र जायचं. किती पंप बसले, किती बाप्तिस्मे झाले, कशासाठी प्रार्थना करा, कशासाठी आभार माना. त्याचं अक्षर कुणाला लागत नसे, म्हणून तो सांगायचा आणि सुगंधा लिहायची. त्याच्या प्रती निघून सगळ्या मंडळ्यांना जायच्या. एक बोर्डिंगलाही जायची. पोरीला वेगळं काय लिहायचं, सगळं यात आहेच, असं तोच म्हणाला होता. सुगंधानं खाली समासात दोन ओळी लिहिल्या तर लिहिल्या.

"आमची शारोन बोर्डिंगमध्ये छान रुळली असून आनंदात आहे," मेट्रनबाई वाचताहेत. "तिच्यासाठी देवाचे आभार माना."

मुली माना वळवून तिसऱ्या रांगेत बघतात. तिथं अडतीस नंबर बसला आहे. रात्रभर रडून डोळे सुजलेत. सगळे हात जोडतात आणि ती आनंदात आहे म्हणून आभार मानतात. तीही हात जोडते.

हे त्यानं कधी बघितलं नव्हतं. ऐकलं होतं. ते दोघं कायमचे परत आले त्या वर्षी शारोन अठरा पुरी करत होती. तिनं स्वयंपाकघरात आईला गाठून विचारलं, "मी आनंदात आहे हे तुला कुणी सांगितलं होतं? मला सोडायला तू आलीस. गेटातून मागं वळून न बघता तू गेलीस. आणि वर हेही तूच लिहिलंस!" सोडायला सुगंधाच आली होती हे खरं. एकाच्याच तिकिटाची सोय होती आणि त्याला पंप होते. शांतवन बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसला होता. सुगंधा एवढंच म्हणाली, "चुकलं माझं, बाळा." त्यानं पान उलटलं.

"सरका," शेजारून सुगंधा म्हणते. ती त्याच बाकावर बसलीय, मांडीवर मोजे. मेट्रनबाईंचा आवाज बारीक होत गेलाय. "पाय आखडलेत माझे."

तो सरकतो.

"तू तिला सांगितलं का नाहीस?" तो विचारतो. "शब्द माझे होते म्हणून. ठरवलंही मी म्हणून."

"तुम्ही सांगाल असं वाटायचं."

"कधी?"

"कधीही. जेवताना, चहा घेताना. तिच्या लग्नात तर खात्रीच वाटली होती. तुम्ही माईक मागून घेतलात. म्हटलं, आता बोलतात. तुम्ही मंडपवाल्याचे आभार मानलेत."

"मंडप चांगला घातला होता त्यानं."

"घातला होता," सुगंधा कबूल करते.

"रागावली होतीस?"

"त्या दिवशी जेवले नव्हते. तुमच्या लक्षात नाही आलं. नंतर राग राहिला नाही, कामं होती." ती मोजा उलटा करते. "पण पोरगी माती द्यायला आली नाही, तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं."

"कुठून?"

"पेटीतून. आणखी कुठून बघणार?"

तो मान खाली घालतो. हॉलमधल्या मुली गेल्या आहेत. बाकं गेली आहेत. दोघं कडुलिंबाखाली बसलेत, पुढे तिची कबर आहे, आणि तिच्या शेजारी त्याच्यासाठी राखून ठेवलेली जागा. गवत वाढलंय.

"सुगंधा, मी सांगितलं तर ती मलाही माती द्यायची नाही," तो म्हणतो. वर्षभर पोटात असलेलं हे पहिल्यांदा बाहेर पडतं. "आता निदान रविवारी फोन करते. तोही बंद झाला तर मी काय करू?"

सुगंधा त्याच्याकडे बघते. कीव करत नाही. तापाचा रोगी बघावा तशी बघते.

"नाही दिली तर नाही दिली. रत्नाबाई देतील. त्यांची मूठ मोठी आहे."

त्याला हसू येतं. हसताना खांद्याला खुर्चीची पाठ लागते. पायांवर ऊन आहे. सुगंधा उभी राहिलीय, पदर सोडून सारखा करतेय.

"हे धरा. दोरा ओवून दिलाय, गाठही मारलीय. टाके तुमचे तुम्ही घाला. मला निघायचंय."

"चहा टाकतो ना."

"तुमच्या हातचा? नको." ती पायरीपर्यंत जाते आणि थांबते. "आणि तिला सांगाल तेव्हा वचनबिचन सांगू नका. नुसतं सांगा."

शांतवनला जाग येते तेव्हा घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झालीत. समोर कुणी नाही, ट्रंकही नाही. ती कधीच भंगारात गेली. काळा दोरा फरशीवर पडलाय, टोक वळलेला. सुई कोटाच्या छातीवर नीट टोचून ठेवलेली आहे. सुईत दोरा आहे. लाल. खाली गाठ, बोटाभोवती दोन वेढे घेऊन मारलेली. अशी गाठ त्याला मारता येत नाही.

तो शिवणाचा बिस्किटांचा डबा उघडतो. तळाशी लाल रीळ आहे, पण जुन्या कागदात गुंडाळून सुतळीनं बांधलेलं. सुतळीवर धूळ आहे. तो डब्याचं झाकण लावतो. विचार करायला वेळ नाही. तो बटण लावायला घेतो.

चार टाके बरे पडतात, पाचवा बोटात जातो. दोरा तोडायचा राहतो. तोवर गेटाशी गाडी थांबते.

शारोन हातात फुलांची पिशवी घेऊन येते. केस पांढरे झालेत तिचे, रंगवत नाही. "पप्पा, तयार आहात ना? पाळकसाहेबांचा फोन आला होता मला." मग ती बघते. "हे काय? काळ्या कोटाला लाल दोरा?"

"हाताला तोच लागला."

ती पिशवी खाली ठेवते, वाकते आणि बटण दोन बोटांत धरते. मग म्हणते, "बोर्डिंगात माझ्या कपड्यांवर हाच रंग होता."

"अडतीस," तो म्हणतो.

"तुम्हाला आठवतं?"

"शारू, बस जरा."

"लोक येतील आता."

"येऊ देत. बस."

ती बसत नाही. बटणही सोडत नाही. शांतवनच्या जिभेवर वचन येतं, सवयीनं, अगदी तयार. तो ते गिळतो.

"त्या पत्रांत अक्षर तेवढं तुझ्या आईचं होतं. सांगायचो मी. तू आनंदात आहेस, हे मी सांगितलं, तिनं लिहिलं. तुला तिथं ठेवायचं मी ठरवलं. ती म्हणत होती, तिघंही परत जाऊ. मी नाही म्हटलं." तो श्वास घेतो. "स्वयंपाकघरात तू तिला बोललीस ते मी ऐकत होतो. तेव्हा उठायला हवं होतं. नाही उठलो."

रस्त्यावरून एक फटफटी जाते. शारोनची बोटं बटणावर तशीच आहेत. लोंबणारा दोरा ती ओढून बघते, मग खाली वाकून दातानं तोडते. सरळ होते तेव्हा तिचा चेहरा त्याला वाचता येत नाही.

"तुमच्याशी मी नंतर बोलेन, पप्पा," ती म्हणते. आवाज कोरडा आहे. "आज नाही बोलायचं मला तुमच्याशी."

"बरं."

ती फुलं उचलते, पायरीपर्यंत जाते आणि थांबते.

"लोक यायच्या आधी मी एकटी जाऊन येते. वर्ष झालं, तिथली माती आता घट्ट झाली असेल." ती मागं न बघताच विचारते, "घरात खुरपं आहे का?"

शांतवन उठतो आणि खुरपं आणायला आत जातो.