अंगठा लागत नाही

धनेशची गाडी शेडमध्ये आली त्या आठवड्यात आमच्याकडे दोन वस्तू झिजलेल्या निघाल्या. एक त्या गाडीची झडप आणि दुसरा माझ्या बायकोचा अंगठा. झडपेचं मला फारसं वाटलं नाही, कारण ती झिजायलाच बसवलेली असते. अंगठ्याचा कुणी असा विचारच केलेला नसतो.

माझं पत्र्याचं शेड पुनावळ्यात आहे. आजूबाजूला टॉवर उठत गेले तसतसं ते मागे मागे सरकत आता नाल्याच्या कडेला आलंय. जुन्या टू-स्ट्रोक गाड्या दुरुस्त करणारा म्हणून माझं नाव आहे, म्हणजे ज्याला दुसरीकडे कुणी दारात उभं करत नाही तो अण्णासाहेबाकडे येतो. धनेश त्यातलाच. पिंपळे सौदागरला राहतो, आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसतो आणि रविवारी माळावर चिखलात लोळतो. त्याची ती चिखलातली मोटरसायकल परदेशी आणि जुनी. तिचे नवे भाग आता मिळत नाहीत, त्यामुळे आहे तेच सांधायचं.

तिच्यात पॉवर व्हॉल्व असतो. सोप्या भाषेत सांगायचं तर धुराच्या वाटेवरची झडप. गाडी हळू असताना ती वाट अर्धी झाकते म्हणजे ओढ राहते, आणि गाडी जोरात गेली की उघडते. धनेशच्या गाडीची झडप काजळीनं माखलेली होती आणि कडेनं इतकी खाल्लेली, की नुसती खडखडत होती. उद्या सुटून आत पडली असती तर पिस्टनचा भुगा. मी काजळी खरवडली, भोसरीला जाऊन कडेवर आर्गन वेल्डिंगनं धातू चढवून आणला. आता राहिलं होतं कानसकाम. चढवलेला धातू घासून झडपेला तिचा मूळ आकार द्यायचा. आणि हे काम माझं नाही, ते माझ्या बायकोचं, कस्तुराचं.

कस्तुरा चाकणच्या बाजूला एका छोट्या कंपनीत कंत्राटावर आहे. साच्यातून निघालेल्या भागांच्या कडांना धातूचे बारीक काटे राहतात. ते कानशीनं काढायचे, आणि कड साफ झाली का ते अंगठा फिरवून बघायचं. हातमोजे देतात, पण हातमोज्यातून काटा कळत नाही, म्हणून बायका ते काढून ठेवतात. आमची पोरगी शाळेत जायची तेव्हापासून ती हेच करतेय. आता पोरीची पोरगी शाळेत जाते. घरी आली की माझ्या शेडमधलं बारीक घासकामही तिच्याचकडे. तिचा अंगठा फिरला की मी पुन्हा बघत नाही.

तोच अंगठा कंपनीच्या गेटवर चालेना. हजेरीच्या मशीनवर ठेवला की लाल दिवा. गेटवरची स्वरूपा ओळखीची, ती आत सोडायची. पण शनिवारी सुपरवायझरनं सांगितलं, की पुढच्या सोमवारी नवं मशीन येतंय, सगळ्यांची पुन्हा नोंद होणार, आणि ज्याची नोंद होणार नाही त्याला कंत्राटदार ठेवणार नाही. वर हसून म्हणाला, "मावशी, मशीनला तुम्ही दिसतच नाही!"

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा मी तिचा अंगठा उजेडात धरून बघितला. रेषाच नव्हत्या. गोट्यासारखा गुळगुळीत.

यातली खरी कळ वेगळी आहे. कस्तुराला लहानपणी शाळेत घातलं नाही. लग्नानंतर, आम्ही बीडकडून इकडे आलो तेव्हा, विहारातल्या संध्याकाळच्या वर्गाला ती जायला लागली. शिकवणाऱ्या आम्रपालीताई कडक होत्या. म्हणायच्या, ज्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे त्या घरात कुणी अंगठेबहाद्दर राहायचं नाही. कस्तुरा पूर्ण नावाची सही शिकली, आणि पहिले काही दिवस दिसेल त्या कागदावर करत सुटली. दूधवाल्याच्या पिशवीवरसुद्धा.

"सही आली तवा वाटलं, अंगठ्यातून सुटले," ती म्हणाली. "आता कंपनी म्हणते सही नको, अंगठाच पायजे. आन् अंगठा तर कंपनीनंच खाल्ला की ओ!"

मी तिला दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाताला आराम द्या, रेषा थोड्याफार परत येतात. कानस नको, साबण नको, पेट्रोल नको, रोज व्हॅसलीन चोळा. कस्तुरानं आठवडाभर बिनपगारी रजा टाकली. भांडी, कपडे माझ्याकडे आले. माझ्या हातची भांडी ती गुपचूप पदरानं पुन्हा पुसायची, तेही मी बंद केलं. दिवसभर ती शेडमध्ये खुर्चीवर बसून राहायची, व्हॅसलीन लावलेला अंगठा कशाला लागू नये म्हणून वर धरून. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, यांचं एकदम छान चाललंय.

कानस मी हातात घेतली. ज्याचं काम त्यानं करावं म्हणतात ते उगाच नाही. झडप मी अगदी घट्ट बसवली. गाडी गार असताना सुरेख उघडझाप करत होती. इंजिन तापलं, झडप फुगली आणि अर्ध्यातच रुतली. गाडी गुदमरायला लागली.

"अडकलीय," कस्तुरा खुर्चीतून म्हणाली. "डाव्या अंगाला. जरा सैल ठेवायची असती. द्या इकडं, मी बगते."

"हात लावू नको!" मी असा ओरडलो की नाल्यापलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं. ती उठली आणि घरात गेली. मला माझाच राग आला. रागानं मी डावी कड घासत बसलो ती इतकी, की झडप पुन्हा खडखडायला लागली. परत भोसरी, परत वेल्डिंग.

धनेशचा फोन आला. "अण्णा, येत्या रविवारनंतरच्या रविवारी रेस आहे. होईल ना?"

"घरात दुखणं आहे," मी म्हणालो.

"अरे! कुणाला?"

"अंगठ्याला." त्यानं फोन ठेवला. त्याला वाटलं मी चिडलोय. चिडलोच होतो, पण त्याच्यावर नाही.

सोमवारी ती ठेवणीतलं निळं लुगडं नेसून कंपनीच्या बसला उभी राहिली. रेषा आल्यासारख्या वाटत होत्या. मला वाटत होत्या. दिवसभर मी एक नट फिरवला नाही. नोकरी गेली तर या वयात तिला दुसरीकडे कोण घेणार, आणि जो घेईल तोही आधी अंगठाच मागणार.

संध्याकाळी ती आली, चपला काढल्या आणि दारातच टेकली.

"लागला?" मी विचारलं.

"न्हाई लागला."

मी तिच्याजवळ खाली बसलो. ती सांगायला लागली. उजवा अंगठा नाही, डावा नाही. सुपरवायझर म्हणाला, मावशी, व्हा बाजूला. पण स्वरूपा हटली नाही. तिनं कस्तुराचं एकेक बोट आपल्या ओढणीनं पुसून मशीनवर ठेवलं. मागे रांग ओरडत होती. प्रत्येक बोटाला लाल दिवा. शेवटी राहिली डाव्या हाताची करंगळी. ती टेकवली आणि हिरवा दिवा लागला. मशीनमधली बाई इंग्रजीत थँक यू म्हणाली.

"म्हणजे नोकरी राहिली!" मी म्हणालो.

"राहिली." ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "पर मला सांगा, ह्या करंगळीनं जल्मात काय केलं ओ? ज्या बोटांनी कंपनीचं काम केलं त्यातलं एकबी कंपनीला माझं वाटलं न्हाई. जी नुसती बसून ऱ्हायली, तिला म्हणते, या कस्तुराबाई."

मला इतकं वाईट वाटलं की मी तिचा तो गुळगुळीत अंगठा मुठीत धरून बसलो. दमलेल्या माणसाची समजूत घालता येत नाही. नुसतं जवळ बसता येतं.

मग तिनं हात सोडवून घेतला. "झडप कुठाय?"

"राहू दे आज."

"आता अंगठा राखून कुणाला दावायचा?"

ती शेडमध्ये गेली, दिवा लावला, झडप पकडीत आवळली आणि कानस घेतली. चार हात मारायचे, अंगठा फिरवायचा, पुन्हा चार हात. डाव्या हातानं कानशीचं टोक दाबताना मात्र तिनं करंगळी वर उचलून धरली होती, बड्या घरच्या बाया कप धरतात तशी. मला हसू आलं.

"हसू नका," ती मान वर न करता म्हणाली. "तिला जपायला पायजे. नोकरीला ती हाय."