अंगणाखाली काय असंल?

जनाकाकी झाकलेली वस्तू उघडून पाहिल्याशिवाय पुढे जात नसे. आमच्याकडे आली की आधी चुलीवरच्या टोपाचं झाकण उचलणार, "काय शिजतंय गो?" मग खुशाली. तिचं आयुष्य पेणजवळच्या खाडीकाठी मिठागरात गेलं होतं. गावातल्या विहिरी मचूळ, त्यामुळे टँकरची वाट बघण्यातही बरंच गेलं होतं.

नळयोजनेचे चर खणायला लागले तेव्हा काकी रोज काठावर उकिडवी बसे. "पानी चढावर कसं चढंल? सांध्यातनं गललं तं तुला वर कसं कलंल?" शेवटी फिटर कावला, "काकी, तुम्हीच उतरा खाली." ती लुगडं खोचून खरंच उतरली आणि पाइपाच्या तोंडातून आत बघत बसली.

तिच्या आणि आमच्या घरची लाइन मात्र अडली. ती जायची होती तिच्या दिराच्या, नामाकाकांच्या अंगणातून. वाटणीच्या भांडणापासून त्यांचा वहिनीशी अबोला. "माझे अंगणात कुदल लागनार नाय," ते म्हणाले. सगळ्या आळीने समजावून पाहिलं. फिटरने सामान आवरायला घेतलं. आता आमची दोन घरं कायमची टँकरवरच राहणार, असं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी त्या अंगणात जाऊन उभी राहिली. पाठोपाठ मीही गेले. तिने विनवणी केलीच नाही. जमिनीकडे बघत म्हणाली, "नामा, ये अंगणाखाली काय असंल रं?"

"माती. आनखी काय?"

"बघितलंस कधी?"

नामाकाका आत निघून गेले. संपलं सगळं, असं मला वाटलं. ते बाहेर आले ते कुदळ घेऊन. गुडघाभर खणल्यावर काळा चिखल लागला आणि त्याखाली पांढऱ्या शिंपल्यांचा थर. दोघं खड्ड्याशी बसली.

"म्हंजे हितवर खाडी व्हती, वैनी? आजा कधी बोलला नाय."

"आपन तरी कुठं बोललो?"

नामाकाकांनी फिटरला हाक मारली. "हितनं घे लाइन. तुलस तेवढी सांभाल."

काकीला तो नळ फार लाभला नाही. गुडघे गेले, म्हणून लेकीने तिला आपल्याकडे, अष्टमी गावात नेलं, इमारतीत. तिथून लगेच फोन, "अगो, हितं पानी वरनं येतंय! वर कोन नेतंय?" वॉचमनला घेऊन ती पंप बघून आली होती.

ती गेल्याचं कळलं तेव्हा नामाकाका एकटेच एसटीने गेले आणि परत आले. मला म्हणाले, "शेवटी काय बोलली, लेकीला इचारायचं रायलं. तू इचार गो."

मी फोन केला. लेक म्हणाली, सलाइनची नळी दाखवून आई नर्सला विचारत होती, "ही आत कुठवर जाते गो?"