साक्षीतल्या गारा

आमच्या ख्रिस्ती मंडळीत दर रविवारी गाणी आटोपली की साक्षीची वेळ येते. ज्याच्या आयुष्यात प्रभूनं काही केलं असेल त्यानं उभं राहून सांगायचं आणि बाकीच्यांनी आमीन म्हणायचं. मोहाडीत एका पत्र्याच्या हॉलमध्ये आम्ही जमतो. सतरंजीवर एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. कुणाचा ताप उतरलेला असतो, कुणाची हरवलेली गाय घरी आलेली असते. मग माझे बाबा उभे राहतात.

बाबांची साक्ष मला तोंडपाठ आहे, कारण मी तिच्यात आहे. तरुणपणी राइस मिलमधून सुटले की बाबा मोहाची दारू पिऊन घरी यायचे. एका हिवाळ्यात त्यांनी आईला आणि तिच्या कडेवरच्या मला घराबाहेर काढलं, आतून कडी लावली आणि झोपून गेले. आम्ही मायलेकी उजाडेपर्यंत शेजारच्या पडवीत बसून होतो. पुढे मिलमधल्याच एका विश्वासणाऱ्या, म्हणजे प्रभूला मानणाऱ्या सोबत्यानं त्यांना प्रार्थनेला नेलं. तेव्हापासून बाबांनी दारूच्या थेंबाला हात लावलेला नाही. हे सगळं खरं आहे, आणि आमचं घर त्यावरच उभं आहे.

साक्ष सांगताना बाबा हात लांब करून आमच्याकडे दाखवतात आणि सगळी मंडळी मान वळवून पाहते. मी चाळिशीची, शाळेत पोरांना दटावणारी बाई; पण रविवारी तेवढा वेळ मी कडेवरचं लेकरू असते. आई पदर सावरून खाली बघते.

साक्ष जुनी होत गेली तशी तिला पालवी फुटत गेली. मी लहान होते तेव्हा त्या रात्री नुसती थंडी होती. मी कॉलेजात गेले तोवर पाऊस सुरू झाला होता. अलीकडे गारा पडतात. बाबा खोटारडे नाहीत, बिचारे. पाप जितकं काळं तितका प्रभूचा उजेड जास्त, अशी त्यांची समजूत, आणि उजेडात काही कमी पडू नये म्हणून ते आपल्या पापावर दरवर्षी एक हात रंग देतात. आई माझ्या कानाशी पुटपुटते, "गारा नोयत्या पडल्या." मग सगळ्यांबरोबर आमीन म्हणते.

असंच चाललं असतं. पण मागच्या वर्षी माझ्या धाकट्या भावाचं लग्न झालं. सून नाकाडोंगरीकडची, विश्वासणाऱ्याच घरातली, मनानं फार हळवी. पहिल्याच रविवारी तिनं बाबांची साक्ष ऐकली. घरी आल्यावर आईच्या हातातली भाताचं पातेलं काढून घेत ती भरल्या डोळ्यांनी म्हणाली, "आई, तुम्ही बसा. तुम्ही किती सोसलं."

आई बसली नाही. आई म्हणजे आमच्या घरचं हायकोर्ट. भाजीवाल्यापासून पास्टरपर्यंत तिच्यापुढे सगळे जपून बोलतात. तिला कुणी 'बिचारी' समजावं, हे तिला झोंबलं. सून आत गेल्यावर ती बाबांकडे वळली.

"देवानं तुमाले माफ केलं. मीनं बी केलं. मंग दर रविवारी मले त्या पडवीत काहून नेऊन बसवता?"

"अवं, साक्ष आहे ते," बाबा म्हणाले. "देवाचा गौरव होते."

"देवाचा होते. माही कीव होते."

पुढच्या रविवारी आई घरीच राहिली. त्याच्या पुढच्याही. लहान मंडळीत एक जागा रिकामी राहिली तरी डोळ्यांत येते. बाबांनी सांगून टाकलं की तिचे गुडघे दुखतात. मंडळीतल्या दोघी बहिणी तेल घेऊन घरी आल्या, तेव्हा आई बाबांकडे बोट दाखवून त्यांना म्हणाली, "माहे गुडघे मस्त आहेत. यायचं तोंड दुखत नाही, तेच दुःख आहे."

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र राहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत ती प्रार्थनेला चुकली नव्हती. बाबा तिच्याविना जायचे, साक्ष द्यायचे, आणि आमच्याकडे हात लांब केला की तो अर्ध्यातच खाली यायचा. एका शनिवारी दुपारी आई अंगणात लाखोरीची डाळ पाखडत होती. बाबा तिच्यासमोर जाऊन बसले. मी ओट्यावर वह्या तपासत होते, पण वह्यांत लक्ष नव्हतं.

"तुले खरं सांगू काय?" बाबा म्हणाले. "ते सांगणं सोडलं तर मले भेव वाटते. त्या रातीले इसरलो, तर मी पुन्हा पिईन."

आईचं सूप थांबलं. बाबा घाबरतात हे मलाही तोवर ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, त्यांना साक्ष सांगायला आवडतं.

"म्हंजे इतके वर्स तुमाले त्या रातीनं धरून ठेवलं?" आई हळू आवाजात म्हणाली. "मंग प्रभू काय करून राहिला होता?"

बाबा खाली सांडलेली डाळ वेचू लागले. वेचता वेचता म्हणाले, "तू चाल उद्या. मी उभाच राहत नाही."

"उभे राहा. पण जे आज आहे ते बोला."

"आज काय आहे? काहीच तं झालं नाही."

"मंग जगता कायले?" असं म्हणून आईनं पुन्हा सूप हातात घेतलं.

रविवारी आई आली आणि माझ्याजवळ बसली. साक्षीची वेळ झाली. बाबा उभे राहिले, "जय मसीह की" म्हणाले आणि थांबले. पुढे बसलेल्या पोरांना वाटलं काका विसरले, म्हणून त्यांनी हळूच पुढचं वाक्य सांगितलं, "मी एक दारुडा होतो." लोक हसले. बाबाही हसले. त्यांचा हात सवयीनं आमच्याकडे वळायला निघाला होता, तो त्यांनी मागे नेऊन दुसऱ्या हातात धरला.

"आज सकाळी मी चहा केला," ते म्हणाले. "साखर जास्त झाली. हिनं पिला तरी." त्यांनी आईकडे पाहिलं. "आज मी दारू पिलो नाही. उद्याचं भेव वाटते मले, आजबी वाटते. पण आज पिलो नाही. इतकंच आहे."

आमीन कुणी म्हणालं नाही. इतक्या छोट्या साक्षीला म्हणायचं की नाही, तेच लोकांना कळेना. बाबा खाली बसणार, तेवढ्यात माझ्या शेजारी बांगड्या वाजल्या. आई उभी राहिली होती. आमच्या घराची साक्ष म्हणजे बाबांची साक्ष. आईनं आजवर कधी दिलीच नव्हती.

"पडवीतल्या बाईले तुमी सारे वळखता," ती म्हणाली. "ते बाई आता नाही. तिले बाहेर काढणारा माणूसबी नाही, मीनं त्याले कितीक वर्सांत पाहिलं नाही. हे जे बसले आहेत ना, चहात साखर जास्त टाकणारे, मी यायच्या घरी राहून राहिली. अन् मले बरं वाटते."

एवढं बोलून ती बसली. सगळ्यांच्या आधी बाबा आमीन म्हणाले. इतक्या वर्षांच्या साक्षीत त्यांचा आवाज कधी फाटला नव्हता. त्या एका शब्दाला फाटला.