बिनऔषधाचा ठोकळा

माझ्या मामाला सगळी इमारत गंजमामा म्हणते आणि त्याला याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं. आयुष्यभर त्याने एकच वस्तू विकली. काँक्रीट कालवताना त्यात ओतायचं एक रसायन, ज्याने आतल्या सळया गंजण्यापासून वाचतात. तो त्याला औषध म्हणतो, म्हणून आम्हीही म्हणतो. या धंद्याची गोची अशी की औषध लागू पडलं तर काहीच होत नाही. पूल उभा असतो, लोक त्यावरून भांडत ये-जा करतात, आणि आपण कुणामुळे पडत नाही हे कुणाच्या गावीही नसतं. एवढ्या वर्षांत मामाचे आभार मानायला कुणी घरी आलेलं मला आठवत नाही.

मामा कुणाकडेही गेला की आधी वर बघतो. यजमान पाणी घेऊन येईपर्यंत छताची तपासणी उरकलेली असते आणि पाणी पिता पिता निकाल सांगितला जातो. माझ्या लग्नाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, मामा तुळईकडे बघतोय. बायकोने तो फोटो भिंतीवर लावू दिला नाही.

त्याचं सगळं बोलणं ऐकून घेणारी एकच व्यक्ती, मामी. तिला स्वतःचं असं सुख एकच होतं. संध्याकाळी समुद्राकडच्या गॅलरीत खुर्ची टाकायची, चहा घ्यायचा आणि तासभर कुणाशी बोलायचं नाही. एका संध्याकाळी दूध उतू जाईल म्हणून ती आत गेली आणि वरच्या गॅलरीच्या तळाचा मोठा पापुद्रा तिच्या खुर्चीवर कोसळला. वर बघितलं तर गंजून फुगलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या. लोखंड गंजलं की फुगतं आणि काँक्रीटला आतून फोडतं, हे मामाने गावभर सांगितलेलं. पण ही इमारत बांधली तेव्हा त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून गॅलरीच्या दाराला कुलूप लागलं आणि मामी स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून चहा पिऊ लागली. मामाचं जेवणावरचं लक्ष उडालं. नवी गॅलरी होईल तेव्हा होईल, पण ही तिथे पुन्हा निर्धास्त बसेल का, एवढंच तो मला विचारायचा.

शेवटी समुद्राकडच्या सगळ्या गॅलऱ्या पाडून नव्याने बांधायचं ठरलं आणि औषध घालायचं की नाही यासाठी रहिवाशांची बैठक बसली. कंत्राटदाराचं म्हणणं, हे नसते लाड आहेत. मामा याच क्षणाची वाट बघत होता. तो घरी गेला आणि आपले दोन ठोकळे घेऊन आला.

या ठोकळ्यांबद्दल सांगायलाच हवं. निवृत्त झाल्यावर मामाने गच्चीत काँक्रीटचे दोन ठोकळे ओतले होते, दोन्हींच्या पोटात सळई. निळ्या ठिपक्याच्या ठोकळ्यात औषध, लाल ठिपक्याच्यात नाही. रोज सकाळी तो दोघांवर मिठाचं पाणी ओतायचा. लाल ठोकळा तडकेल आणि मग जगाला काय ते कळेल, असा बेत होता. भिंग घेऊन तो त्या लाल ठोकळ्याभोवती फिरायचा. कुणाचं तरी वाईट व्हावं म्हणून इतक्या निष्ठेने झुरणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

पण ठोकळा काही तडकेना. आणि का तडकेना हे मला ठाऊक होतं, कारण ओतताना मी समोर होतो. कंत्राटदार काम करतात तसं कर, म्हणजे ढिसाळ कर, असं मी त्याला सुचवलं होतं. त्याने मान डोलावली आणि वाळू धुवायला घेतली. पाणी मोजून घातलं, सळई सगळ्या बाजूंनी पुरेशी आत राहील अशी बसवली, दाबून दाबून हवा काढली आणि वर ओली पोती घालून दोन्ही ठोकळ्यांची बाळंतिणीसारखी बडदास्त ठेवली. वाईट काँक्रीट करणं त्याच्या हातात नव्हतंच.

बैठकीत कंत्राटदाराने दोन्ही ठोकळे उलटसुलट करून पाहिले आणि बिनऔषधाचा कोणता ते विचारलं. मामाने खरं ते सांगितलं. मग कंत्राटदाराने हातोडा मागवला. लाल ठोकळा लवकर फुटेना, कंत्राटदाराला घाम फुटला, पण अखेर ठोकळा फुटला. आतली सळई लख्ख होती. ती हातोहात सगळ्यांकडे फिरली. अध्यक्षांनी चष्मा वर करून पाहिली आणि विषय संपला. मामा हरला होता, पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो फुटलेल्या कडेवरून बोट फिरवत होता आणि कुठे पोकळी नाही म्हणून मनातल्या मनात खूश होत होता.

घरी आल्यावर मामी म्हणाली, "एक वाईट ठोकळा करता आला नाही तुम्हाला?"

"नाही झाला."

"मग जा आता, माझी गॅलरी तरी तशी करून घ्या."

दुसऱ्या दिवसापासून मामा टोपी घालून कामावर हजर. त्याला कुणी नेमलं नव्हतं, त्यामुळे काढताही येत नव्हतं. बिगाऱ्याने पाण्याची नळी उचलली की हा आडवा, कारण जास्त पाण्याने काँक्रीट कच्चं राहतं. सळया साच्याच्या फळ्यांना टेकल्या की सगळं थांबवून, त्या उघड्या राहू नयेत म्हणून खाली सिमेंटचे छोटे तुकडे सरकवायला लावणार. वाळूत शिंपले सापडले, म्हणजे ती समुद्राची खारी, म्हणून त्याने अख्खा ट्रक परत पाठवला. ओतलेलं काँक्रीट ओलं राहतंय ना हे बघायला भर उन्हात वर चढायचा आणि खाली येताना नवी तक्रार घेऊन यायचा. कामगार त्याला बघून विड्या विझवायचे. कंत्राटदार माझ्याशी गोड बोलू लागला, तेव्हाच मी ओळखलं की पाणी डोक्यावरून चाललंय.

मामाच्या आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या गॅलरीचं काँक्रीट दुसऱ्या दिवशी ओतायचं होतं, त्या संध्याकाळी कंत्राटदार घरी आला. हातात औषधाचा मोठा कॅन. त्याने तो मामाच्या पायाशी ठेवला.

"काका, माझ्या पदरचं आणलंय. सगळ्या गॅलऱ्यांत घालतो. तुम्ही फक्त घरी बसा."

एका कंत्राटदाराने आपणहून औषध आणावं, हे मामाचं जन्मभराचं स्वप्न होतं. त्याने कॅन हलवला, बुडावरची तारीख वाचली, झाकण उघडून वासही घेतला. दिवसभर उन्हात उभं राहून त्याचे गुडघे सुजले होते, ते मला दिसत होतं. घे म्हणून मी त्याला डोळ्यांनी खुणावलं.

"मी नसताना पाणी किती घालशील?" मामाने विचारलं.

कंत्राटदार हसला. माणसं ऐकत नाहीत, थोडंफार जास्त पडतंच, असं म्हणाला. मग त्याने आपला हुकमी पत्ता टाकला. "काका, मी धंद्यात नवा होतो तेव्हा तुम्हीच मला सांगितलं होतंत. हे घातलं की थोडं इकडे तिकडे झालं तरी चालतं. त्यावरच तर मी घेत होतो तुमच्याकडून."

मामाने कॅनचं झाकण घट्ट लावलं.

"ते विकताना सांगितलं होतं," तो म्हणाला.

"म्हणजे खोटं होतं?"

"अगदीच खोटं नव्हतं. पण त्या गॅलऱ्यांत ही बसणार नव्हती." त्याने मामीकडे बोट दाखवलं.

मला हसू आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मामाने मामीबद्दल यापेक्षा प्रेमाचं काही बोललेलं मी ऐकलं नव्हतं, आणि ती लाजेल असं मला वाटलं. मामी लाजली नाही. तिने चहाचा कप खाली ठेवला.

"मग तिथे कोण बसतं?" तिने विचारलं.

कंत्राटदाराने माझ्याकडे पाहिलं, मी फरशीकडे पाहिलं.  मामा गुडघ्यावर हात टेकून उठला आणि खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली.

"कॅन उचल," तो कंत्राटदाराला म्हणाला. "आधी खालच्यांच्या गॅलरीतल्या सळया बघू."